भरावावरची चार उन्हं

मोहरीची भाजी पिंपात पडली, की युनमोयच्या पायांना महिनाभर तरी माणसाचे पाय म्हणायची सोय उरायची नाही. मिठानं टाचा फाटायच्या, बोटांच्या बेचक्यांत हिरवा रंग बसायचा, आणि पांघरुणात थेनलॉयच्या पोटऱ्यांना ते पाय लागले की तो दचकून म्हणायचा, "खवणी आणून ठेवलीस का काय अंथरुणात?"

"खवणीच आहे. जास्त बोललास तर नाक खवून काढीन."

यंदा मोहरीचे पालेदार गड्डे जोरात आले होते. भाताची दुसरी कापणी झाली की नानपी गावात रिकाम्या खाचरांतून मोहरीच मोहरी दिसते, पण यंदाच्या मोहरीला जणू कुणी कानात सांगितलं होतं, वाढ म्हणून. एकेक गड्डा दोन्ही हातांनी कवेत घ्यावा लागत होता. युनमोय पिंपात उभी राहून तुडवत होती. एक थर पाल्याचा, वर मीठ, पुन्हा थर, पुन्हा मीठ. मीठ टाकायचा मान सासूचा. आमे त्र्याऐंशी वर्षांची होती. बुटक्या स्टुलावर बसून ती मुठीतून मीठ असं सोडायची, की कोंबड्यांना दाणे टाकतेय असं वाटावं.

"डावीकडे तुडव," आमे म्हणाली.

"तुडवलंय की."

"नाही तुडवलंस. देठ कच्चे वाजतायत. मला इथून ऐकू येतंय."

"काल दारात टेम्पो भोंगा वाजवत उभा होता, तो नाही ऐकू आला तुम्हाला!"

"टेम्पोशी मला काय करायचंय?"

पिंपावर दगड ठेवले, की पंधरा दिवस बघायचं नाही. मग भाजी आंबून पिवळी होते. ती काढून उन्हात टाकायची. चार उन्हं. तीन उन्हांत काढली तर बाटलीत बुरशी धरते, पाच दाखवली तर तिची काडी होते. चार उन्हं दाखवून, काठीनं बाटलीत ठासून, बाटल्या उलट्या मांडल्या, की मग ती आमेची भाजी. थेनलॉयची बहीण लग्न होऊन लांब शहरात गेली होती, तरी दर नव्या वर्षाला त्या बाटल्यांसाठी येत होती. आईसाठी येते असं म्हणत होती, एवढंच.

आणि ही चार उन्हं मिळायची जागा त्यांच्यापाशी एकच होती, रेल्वेचा भराव. अंगणावर शेजाऱ्याच्या नव्या चार मजली घराची सावली, खाचरात घोट्याएवढा चिखल. भराव मात्र उंच, दोन्ही बाजूंनी वारा खाणारा. डोंगरातली कोळशाची खाण बंद पडून गाड्या थांबल्या त्याला तीस वर्षं झाली होती. तेव्हापासून तर भाजी दिवसभर रुळांवर पसरायची, खालून खडी तापायची, वरून वारा. युनमोयनं अर्धा संसार त्या रुळांवर वाळवला होता.

नेमकं याच हिवाळ्यात त्या रुळांच्या जागी फिरायची वाट करायचं ठरलं.

गावाच्या तोंडाशी पाटी लागली. पाटीवर चित्रं होती. चालणारा माणूस, सायकल, चाकाची खुर्ची, बाबागाडी, आणि शेवटी घोडा. गाव त्या घोड्यापाशीच अडकलं.

"घोडा आहे कुणाकडे?"

"ज्याच्याकडे नाही त्याला सरकार देणार असेल."

"मग मला एक हवा. बायकोला माहेरी पोचवायला."

"आणायला काय पाठवशील? कासव?"

थेनलॉय हसला, पाटी वाचून घरी आला, आणि दुसऱ्या दिवशी कामावरच्या टोळीत नाव घालून आला. छप्पन्नाव्या वर्षी त्याला डोक्याला टोपी आणि अंगात चकाकणाऱ्या पट्ट्यांचं पिवळं जाकीट मिळालं. ते घालून तो दारात उभा राहिला. युनमोयनं त्याला वरून खालपर्यंत बघितलं.

"जत्रेतला दिव्यांचा खांब दिसतोस."

"लांबून दिसलं पाहिजे म्हणून असतं ते."

"लांबूनच बरं दिसतं. रूळ काढणार म्हणजे कुठले काढणार?"

"वरचे. बोगद्याकडचे."

"आणि आपले?"

थेनलॉयनं भाताचा वाडगा तोंडाला लावला. "आपले म्हणजे काय, ते आपले थोडेच आहेत," एवढं तो वाडग्यातच बोलला.

पंधरा दिवस रिमझिम चालू होती. धड पाऊस नाही, धड उघडीप नाही. कपडे वाळेनात, भिंतींना घाम फुटला. रोज सकाळी थेनलॉय पाना आणि पहार घेऊन वर जायचा. गंजलेले खिळे सहजी सुटायचे नाहीत. दोघांनी पहारीवर लोंबकळायचं, एकानं हातोडा घालायचा, तेव्हा कुठं खिळा किंचाळत वर यायचा. ते किंचाळणं खाली खाचरापर्यंत ऐकू यायचं, आणि रोज थोडं जवळ यायचं. संध्याकाळी थेनलॉय पालथा पडायचा आणि युनमोय त्याच्या कंबरेवर आल्याचा गरम लेप थापायची. जरा जोरातच थापायची.

तेराव्या दिवशी त्यांच्या खाचरासमोरचे रूळ निघाले आणि ट्रकनं गेले. उरली नुसती खडी.

सोळाव्या दिवशी ऊन पडलं. युनमोयनं पिंपावरचे दगड उतरवले, भाजी काढली, आणि रूळ नसले तर नसले, खडी तर आहे, म्हणून बांबूच्या चटया टाकून त्यावर पसरली. आमे खालून काठी दाखवून ओरडत होती, "पातळ पसर! एकावर एक निजवू नकोस, पानं काय पाहुणे आहेत!" दोन तासांत पानांच्या कडा वळायला लागल्या. युनमोय निवांत होऊन उरलेली मोहरी कापायला खाचरात उतरली.

मुकादम चंग त्याच वेळी रोलरच्या पुढं चालत आला. चंग वाईट माणूस नव्हता, पण त्याला हळू बोलता यायचं नाही. पंधरा वर्षं यंत्रांशेजारी काढलेली.

"हा कचरा कुणाचा?"

टोळीतले सगळे थेनलॉयकडे बघायला लागले.

"माझा," थेनलॉय म्हणाला.

टोळी हसली. चंगही हसला. "मग उचल की! रोलर काय त्याला नमस्कार करून थांबणार आहे?"

युनमोयनं खाचरातून मान वर केली, तर भरावावर तिचा नवरा, पिवळं जाकीट घातलेला, फावड्यानं भाजी भरून हातगाडीत टाकत होता. फावड्यानं! तीस वर्षं जी भाजी ती दोन्ही हातांनी उचलत होती, तान्ह्या पोराला उचलावं तशी, ती फावड्यानं, खडीसकट. ती वर चढली. तिनं हातगाडी त्याच्या हातातून घेतली. टोळी ऐकायला टपून होती, पण ती एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी नाही आणि पुढंही नाही.

थेनलॉयला ती भांडली असती तर परवडलं असतं.

"आमे, तुमच्या मुलाला सांगा, भात उरलाय."

"थेनलॉय, भात उरलाय."

"आई, तिला सांग, मला पुरे."

"आमे, त्याला सांगा, त्याच्यासाठी नव्हतं विचारलं. कोंबड्यांना घालू का असं विचारलं."

आमेनं जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. "तुम्हा दोघांना तोंडं आहेत ना? माझ्यात आता मीठ टाकण्यापुरताच दम उरलाय. त्यात तुमचे निरोप कुठं वाहू?"

युनमोयनं भाजीतली खडी एकेक करून वेचली, पानं धुतली आणि पुन्हा पिंपात दाबली. पुन्हा रिमझिम लागली. सात दिवसांनी आमेनं एक पान चाखलं, बराच वेळ दाताविना चघळलं, आणि थुंकलं.

"आंबट चढायला लागली. ह्या चार-पाच दिवसांत वर काढली नाहीस तर डुकरांना घाल. डुकरंही तोंड वाकडं करतील."

"ऊन तर पडू दे."

"ऊन पडेल. टाकशील कुठं?"

नवव्या दिवशी पहाटे चांदण्या दिसल्या. चंगनं हवामान ऐकून काँक्रीटची गाडी बोलावली. सकाळभर टोळी फळ्यांच्या साच्यात काँक्रीट ओतत, सारखं करत, थाप्यांनी घोटत होती. खाचरासमोरचा चढाचा तुकडा, साठ पावलं लांब, दुपारपर्यंत आरशासारखा झाला. मग जेवणं झाली आणि टोळी बोगद्याच्या सावलीत टोप्या तोंडावर घेऊन झोपली. दुपारची झोप हा काही आळस नव्हे. ती मोडली तर चंगचंही कुणी ऐकलं नसतं.

वर निळं आभाळ. वारा अगदी हवा तसा. युनमोय खाचरात उभी राहून त्या गुळगुळीत, रुंद, स्वच्छ पट्ट्याकडे बघत होती. पट्टा ओला आहे हे तिला कळत होतं, आंधळी नव्हती ती. पण ज्या बाईचा सगळा जन्म वस्तू वाळवण्यात गेला, तिच्या डोक्यात दुसरा विचार येणार कुठून? त्यालाही वाळायचंय, माझ्या भाजीलाही वाळायचंय. ऊन एकच आहे. दोघं शेजारीशेजारी वाळतील.

चिखलात चालायची फळी तिनं साच्याच्या दोन कडांवर आडवी टाकली, तिच्यावर ओणवी झाली आणि पान पान उलगडून मांडायला लागली. मांडलं की फळी पुढं सरकवायची. पाय कुठं लागू दिला नाही, हात टेकला नाही. वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून तळव्यानं अलगद दाबली, एवढंच. गुडघे सोलले, कंबर धरली. पण तासाभरात साठच्या साठ पावलं पिवळीधमक झाली, आणि ती खाली येऊन हात धुते न धुते तोच टोळी जागी झाली.

चंगच्या तोंडून आधी आवाजच निघेना. एवढी नवलाई पंधरा वर्षांत पहिल्यांदा घडली. मग निघाला तो थेट गावाच्या त्या टोकापर्यंत गेला.

"थेनलॉय! तुझ्या घरात माणसं राहतात का शेळ्या? तेरवा सरकारच्या को बाई येणारेत वाट तपासायला! ओढ ती पानं! सगळी ओढ, आत्ताच्या आत्ता!"

थेनलॉय कडेला उकिडवा बसला. त्यानं एका पानाचं टोक दोन बोटांनी उचललं, बघितलं, आणि परत होतं तसं ठेवलं. खाली खाचराच्या बांधावर युनमोय विळा घेऊन उभी होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती, म्हणजे त्याच्याकडेच बघत होती.

"नाही ओढत," तो म्हणाला.

"काय?"

"आत्ता ओढलं तर वरची साय पानाबरोबर उठून येईल. कडक होऊ दे. संध्याकाळी काढतो." बांधाकडे बघत तो म्हणाला, "हातानं काढतो."

चंगनं टोपी काढली, पुन्हा घातली. थेनलॉयचं म्हणणं खरं होतं, हीच तर पंचाईत होती. संध्याकाळपर्यंत सगळे नुसते कडेला बसून राहिले, आणि भाजीला पहिलं ऊन पुरतं मिळालं.

दिवस कलला तेव्हा थेनलॉयनं एकेक पान सोडवलं. पानाखाली पान होतं. देठ, शिरा, कडेची झालर, सगळं जसंच्या तसं काँक्रीटमध्ये उमटलं होतं, चढाच्या खालपासून वरपर्यंत. टोळीतला एकजण म्हणाला, "छान दिसतंय," आणि चंगनं त्याच्याकडे असं बघितलं की तो फावडं धुवायला निघून गेला.

"बाई बघतील," चंग म्हणाला. "फोडा म्हणाल्या, तर तू फोडशील. एकटा."

"फोडीन."

"आणि उद्यापासून ह्यावर चार दिवस कुत्रंसुद्धा चढता कामा नये. मी सकाळ-संध्याकाळ पाणी मारणार. दोन्ही कडांना लोखंडी कठडे लावायचे, आणि राखायला माणूस. माणूस कुठून आणू मी?"

थेनलॉयनं फळीवरचं काँक्रीट अंगठ्यानं खरवडलं. मग हळूच म्हणाला, "कठडे मी लावतो. वर बांबू टाकतो, आडवे. त्यावर भाजी. खाली तुमचं पाणी, वर आमचा वारा. आणि माझी आई खुर्ची टाकून बसेल. तिच्यासमोरून कुत्रं गेलेलं मी तरी बघितलेलं नाही."

चंगनं खाली बघितलं. आमेनं काठी उगारली होती, कशावर कुणास ठाऊक.

"इथंच कामाला राहिलो तर दोन वर्षांत मी म्हातारा होईन," चंग म्हणाला. म्हणजे हो म्हणाला.

दुसरं ऊन. तिसरं ऊन. बांबूंवर भाजी अशी ओळीनं टांगली होती, की लांबून भरावाला दाढी फुटल्यासारखी दिसत होती. चंग पाणी मारताना भाजीवर शिंतोडे उडू नयेत म्हणून वाकून पाइप धरायचा आणि स्वतःलाच शिव्या द्यायचा. युनमोय दर दोन तासांनी पानं उलटत जायची. थेनलॉय कामातून सुटला की दुसऱ्या टोकापासून उलटत यायचा. मध्ये दोघं समोरासमोर आले की ती वळून परत जायची. पण तिसऱ्या दिवशी वळायला तिला जरा वेळ लागला.

चौथ्या दिवशी ऊन होतं, पण दुपारनंतर डोंगरामागं काळं काहीतरी गोळा व्हायला लागलं. युनमोय पानं चाचपत होती. अजून दोन तास. कमीत कमी दोन.

तेवढ्यात मागं सायकलची घंटी वाजली. एकदा, दोनदा. चौथ्यांदा वाजली तेव्हा युनमोय वळली. पस्तिशीची एक बाई, डोक्याला हेल्मेट, वाटेच्या उघड्या कडेनं येऊन थांबली होती.

"घंटी कसली वाजवतेस? भाजी काय उठून बाजूला होणारे?"

"नाही, मी म्हटलं—"

"काय म्हटलंस? पाटी नाही वाचलीस? वाट बंद आहे. उतर खाली."

बाई उतरली. आमेनं तिला काठीनं जवळ बोलावलं. "कुणाची गं तू?"

"को. मी तपासायला आलेय. आमच्या आजीकडे पण अशीच वाळवायचे, भिंतीवर."

"भिंतीवर?" आमेला तिची कीव आली. "म्हणून तुझं अंग असं काडीसारखं आहे. आमच्याकडे रुळांवर. गाड्या होत्या तेव्हासुद्धा! नऊची गेली की टाकायची, चारची यायच्या आत उचलायची. ड्रायव्हर वळणावर लांब शिट्टी द्यायचा, आमच्यासाठी. मी पाट्या उचलेपर्यंत हळू यायचा."

को बाईचं लक्ष आता खाली होतं. ती चढाच्या तुकड्यावर गुडघे टेकून बसली होती आणि एका पानाच्या शिरेवरून बोट फिरवत होती. युनमोयच्या आता लक्षात आलं, आपण कुणाला उतरवलं ते. तिच्या फुटक्या टाचा चपलेत आत ओढल्या गेल्या. बोगद्याकडून चंग पळत येताना दिसत होता, आणि त्याच्या मागं थेनलॉय.

"बाई, हा तुकडा आम्ही फोडतोय—" चंग धापा टाकत म्हणाला.

डोंगरावर गडगडलं.

युनमोयनं वर बघितलं. काळं आता डोंगराच्या अलीकडे आलं होतं. समोर साठ पावलं भाजी, चौथ्या उन्हाच्या शेवटच्या घटकेला, आणि हातात एक बांबूची पाटी. बाई, मुकादम, तपासणी, सगळं तिच्या डोक्यातून गेलं.

"थेनलॉय!" ती अशी ओरडली की खाचरातले बगळे उठले. "उभा काय राहिलास मेल्या! त्या टोकाकडून घे! हातानं!"

नऊ आणि तीन, बारा दिवसांनी ती त्याच्याशी बोलली होती. थेनलॉय खांबासारखा जागीच राहिला, मग असा धावला की त्याची टोपी मागं पडली. चंग "पण तपासणी—" म्हणत होता, तर आमेनं त्याच्या पोटावर पाटी टेकवली. "धर. तोंडानं नाही भरत ती." चंगनं धरली. को बाईनं हेल्मेट काढून बांबूला अडकवलं आणि भाजी कवेत घ्यायला लागली, पहिल्यांदा चुकत, मग युनमोयनं एकदा दाखवल्यावर बरोबर.

पहिले थेंब पडले तेव्हा चार पाट्या भरल्या होत्या. दोन हातगाडीत गेल्या. दोन उरल्या.

"ह्या सायकलवर टाका," को बाई म्हणाली.

त्या पाट्या मागच्या कॅरियरवर बांधल्या, वर थेनलॉयनं आपलं जाकीट टाकलं. त्यानं आडवे बांबू उचलले आणि बाईनं सायकल हातात धरून चढाचा ओला तुकडा उतरायला सुरुवात केली. खाली गुळगुळीत भागात चाक लागलं तेव्हा सायकल एकदम सरकली आणि युनमोयनं किंचाळून पाटी धरली. बाईनं मागं वळून चढाकडे बघितलं, मग समोरच्या गुळगुळीत वाटेकडे. वर पानांच्या ठशांवर चाक जरासुद्धा सरकलं नव्हतं.

घरात भाजी जमिनीवर ओतली. आमेनं एक पान उचललं, ओढून बघितलं, कानाजवळ नेऊन मोडलं.

सगळे तिच्याकडे बघत होते. मुकादमसुद्धा.

"झालीये," आमे म्हणाली. "बाटल्या आणा."

युनमोय खालीच बसली, भाजीशेजारी, ओल्या कपड्यांत. थेनलॉयनं बाटल्या आणून तिच्यापुढं ठेवल्या, ठासायची काठी तिच्या हातात दिली, आणि स्वतः दुसरी घेऊन समोर बसला.

"माझ्याशी बोललीस तू," तो हळूच म्हणाला.

"भाजीसाठी बोलले."

"पण बोललीस."

"ठास."

दारात चंग चुळबुळत होता. "बाई, त्या तुकड्याचं काय लिहू मग?"

"चढावर चाकं घसरू नयेत म्हणून खरबरीत ठेवलेला भाग, असं लिहा," को बाई केस पुसत म्हणाली. "फोडू नका." मग ती युनमोयकडे वळली. तिचा आवाज उतरला. "पण मावशी, वसंतात वाट उघडेल. पुढच्या हिवाळ्यात रोज माणसं असतील, सायकली असतील. तुम्हाला वाळवायची परवानगी कागदावर देता येईल, असं खोटं मी नाही सांगणार."

युनमोयनं बाटली तोंडापर्यंत भरली, देठाचा एक तुकडा अंगठ्यानं आत दाबला, बाटली उलटी केली आणि भिंतीशी ठेवली. पहिली बाटली.

"किती माणसं येतील म्हणालीस?" तिनं विचारलं.

"सुट्टीच्या दिवशी? पाचशे तरी."

"येऊ देत की," युनमोय म्हणाली आणि दुसरी बाटली ओढली. "पानं उलटायला मी एकटी किती पुरणार?"